पाण्यात दिलेले पाय

देवा, मागणं नंतर मागते, आधी आभार मानू दे. आभार एका परक्या देशातल्या बाईंचे आहेत, पण माणसं धाडणारा तू, म्हणून ते तुझ्याच पायाशी आणून ठेवते.

जेनिफर क्लॅक त्यांचं नाव. सगळे त्यांना जेनी म्हणायचे. जन्म 1947 सालचा, मँचेस्टरचा. 26 मार्च 2020 ला त्या गेल्या, तेव्हा आमच्याकडे नुकतंच सगळं बंद झालं होतं आणि जो तो आपल्या माणसांच्या काळजीत घरात बसला होता. पाण्यात राहणाऱ्या माशांच्या वंशात हातपाय कसे आले, हा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर धरून ठेवला. जुने मासे आणि त्यांच्या पोटी आलेली पहिली चार पायांची जनावरं, यांच्या हाडांत त्यांची हयात गेली.

मी वरोऱ्याकडे एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दरवर्षी पृष्ठवंशी प्राण्यांचा पाठ आला की फळ्यावर एक जनावर काढते. दोन फुटांचं, चपट्या डोक्याचं, माशासारखी पर असलेली शेपटी, आणि पुढच्या पायाला आठ बोटं. मुलं मोजतात. कुणीतरी उठून म्हणतंच, ‘‘मॅडम, तीन बोटं जास्त झाली.’’ मी सांगते, जास्त झाली नाहीत, होतीच तेवढी. मग वर्गात जी शांतता होते ना देवा, ती मला तुझ्या गाभाऱ्यातल्या शांततेइतकीच खरी वाटते. त्या जनावराचं नाव अकँथोस्टेगा. त्याची बोटं जगाला मोजता आली ती क्लॅकबाईंमुळे आणि त्यांचे सहकारी मायकेल कोट्स यांच्यामुळे.

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी मला पुन्हा सांगू दे. तुझ्या लेकरांनी तुझं काम किती कष्टाने वाचलं, हे तुझ्यापुढे मोठ्याने म्हणणं हीच माझी आरती.

पूर्व ग्रीनलंडचे डोंगर आज बर्फाला खेटून उभे आहेत. साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वी तीच जमीन विषुववृत्ताजवळ होती आणि तिच्यावरून उष्ण प्रदेशातल्या गढूळ नद्या वाहत होत्या. 1931 साली गुन्नार सेव्ह-सोडरबर्ग हा 21 वर्षांचा स्वीडिश तरुण तिथे गेला आणि त्याने पायवाल्या आद्य जनावरांच्या कवट्या शोधून आणल्या. पुढच्याच वर्षी त्याने इक्थिओस्टेगा हे नाव जगाला दिलं. देवा, त्याला तू आयुष्य थोडं दिलंस. 1948 साली क्षयाने तो गेला, तेव्हा चाळिशीही आली नव्हती. का, ते मी विचारत नाही. त्याचं नाव मात्र या प्रार्थनेत असू दे.

त्याच्यामागे ते काम एरिक यार्विक यांनी सांभाळलं, जवळजवळ अर्धशतक. या यार्विकांनीच युस्थेनोप्टेरॉन नावाच्या माशाची कवटी पातळ थरांनी घासत नेली होती. एक थर घासायचा, दिसेल ते चित्रात उतरवायचं, पुढचा थर घासायचा, आणि शेवटी सगळी चित्रं जोडून मेणाची मोठी प्रतिकृती उभी करायची. कवटी घासून संपली, पण तिच्यातून नसा आणि रक्तवाहिन्या कुठून जात होत्या तेही कळलं. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाने इक्थिओस्टेगाच्या पायाला मात्र पाच बोटं काढली. त्यांना दोष कसा देऊ? आपल्याला पाच, सरड्याला पाच, बेडकाच्या मागच्या पायाला पाच, वटवाघळाच्या पंखात दडलेलीही पाचच. पहिल्या जनावराला पाच असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

अकँथोस्टेगाचंही नाव यार्विकांनीच ठेवलं, 1952 साली. पण तेव्हा हाती होते फक्त कवटीचे तुकडे. धड कसं होतं, पाय होते का, कसे होते, काही माहीत नव्हतं.

आता क्लॅकबाईंच्या त्या वर्षांबद्दल बोलते, ज्यांचा उल्लेख त्यांच्या गौरवात दोन ओळींत संपतो. न्यूकॅसलला प्राणिशास्त्राची पदवी घेतली, लेस्टरला संग्रहालयाच्या कामाचं शिक्षण घेतलं, आणि मग बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात नोकरी. संशोधक म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. काही वर्षं अशी गेल्यावर ब्रॅडफर्डच्या संग्रहातला एक जुना नमुना त्यांच्या मनात भरला. तो कोळशाच्या काळातला उभयचर होता, फोलिडरपेटॉन. न्यूकॅसलच्या अ‍ॅलेक पँचन यांच्या हाताखाली त्याच्यावर काम सुरू झालं. दगड साफ करत गेल्या तशी त्यातून वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त हाडं निघाली. पीएच.डी. मिळाली ती 1984 साली, पस्तिशी उलटल्यावर. तोवर 1981 पासून त्या केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात रुजू झालेल्या होत्या.

मला वाटतं, संग्रहालयाच्या नोकरीने त्यांना एक गोष्ट दिली जी मोठमोठ्या प्रयोगशाळांत मिळत नाही. ड्रॉवर उघडायची सवय. केंब्रिजमध्येच भूविज्ञान विभागात पीटर फ्रेंड यांच्याकडे ग्रीनलंडहून आणलेले दगड पडून होते. त्यांचा विद्यार्थी जॉन निकल्सन याने 1970 साली ते स्टेन्सिओ ब्यर्ग नावाच्या डोंगरावरून उचलले होते आणि आपल्या वहीत टिपून ठेवलं होतं की इथे इक्थिओस्टेगाच्या कवटीची हाडं भरपूर मिळतात. तो निघाला होता खडकांचे थर अभ्यासायला. हाडं त्याच्या कामाची नव्हती. तरी त्याने ती उचलली, आणि जागा लिहून ठेवली. देवा, त्या एका नोंदीसाठी निकल्सनला सुखी ठेव. स्वतःच्या उपयोगाचं नाही तरी नीट लिहून ठेवणारी माणसं तू अधूनमधून घडवतोस आणि पुढच्या माणसाची वाट त्यांच्यामुळे निघते. बाईंनी ते दगड पाहिले, ते इक्थिओस्टेगाचे नसून अकँथोस्टेगाचे आहेत हे ओळखलं, आणि वही घेऊन 1987 च्या उन्हाळ्यात ग्रीनलंड गाठलं. बरोबर नवरा रॉब, विद्यार्थी पेर आल्बर्ग, कोपनहेगनचे स्वेन बेंडिक्स-आल्मग्रेन. उतारावर गळून पडलेले तुकडे वेचत, त्यांचा माग काढत वर चढत गेले तेव्हा मूळ थर सापडला. छोटासाच थर होता, पण त्यात अकँथोस्टेगा एकावर एक पडलेले होते.

आणि मग केंब्रिजला परत आल्यावरचं काम. तुझ्या देवळात दिवा लावणाऱ्याला जी शिस्त लागते, तीच इथे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली दगड, हातात सुई, आणि हाडाला धक्का न लावता दगडाचा एक एक कण उडवायचा. हाड आणि दगड यांच्या रंगात फरक थोडाच. हात जड पडला की कोट्यवधी वर्षं टिकलेली कड गेली. एका सांगाड्याला त्यांनी बोरिस म्हणायला सुरुवात केली होती, इतका तो रोजच्या सहवासातला झाला होता. पुढचा पाय मोकळा होत गेला. पाच बोटं दिसली; तिथे थांबता आलं असतं, पण पलीकडे आणखी हाड होतं. सहावं. सातवं. आठवं. इक्थिओस्टेगाचीही मोजली, तर मागच्या पायाला सात भरली. 1990 साली कोट्स आणि क्लॅक यांनी नेचरमध्ये ते छापलं आणि पाचाचा आकडा आरंभापासूनचा असल्याचा समज तिथे संपला. रशियातल्या टुलरपेटॉन नावाच्या जनावराला सहा बोटं असल्याचं आधीच दिसलं होतं. ते एकटं पडलेलं होतं, त्याला आता सोबत मिळाली.

पण बोटांच्या आकड्यापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीने मी तुझ्यापुढे वाकते. त्या पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं. मनगटाचा सांधा धड नव्हता, बरगड्या आखूड होत्या, जमिनीवर छातीचा भार त्यांनी पेललाच नसता. गळ्यात माशासारखी कल्ल्यांची हाडं, आणि त्या हाडांवर रक्तवाहिन्यांच्या खोबणी. म्हणजे हे जनावर पाण्यात श्वास घेत होतं, पाण्यातच जगत होतं, पाण्यात वाढलेल्या झाडोऱ्यातून वाट काढत होतं. आधीची कल्पना अशी होती की तळी आटली, मासे चिखलातून फरफटत दुसऱ्या पाण्याकडे निघाले, आणि त्या फरफटीत परांचे पाय झाले. अमेरिकेतल्या आल्फ्रेड रोमर यांनी ती मांडली होती आणि पिढ्या तिच्यावर वाढल्या. ग्रीनलंडच्या दगडाने क्रम फिरवला. पाय आधी आले, बोटं आधी आली, चालणं फार नंतर.

देवा, तू पाण्यात पाय दिलेस. ज्यांना जमीन माहीतच नव्हती त्यांना दिलेस. ते कशाला आहेत असं त्या जनावराने विचारलं असतं, तर झाडोरा बाजूला सारायला, एवढंच उत्तर खरं ठरलं असतं.

कानाचंही तसंच. आमच्या पाठ्यपुस्तकात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी कानातली तीन हाडं मुलं पाठ करतात. त्यातली रिकीब अकँथोस्टेगात कशी होती, हे बाईंनी 1989 साली दाखवलं. जाड, आखूड, कवटीत गच्च बसलेली. आवाजाने थरथरायचं काम तिचं नव्हतं. ती कवटीला आधार देत होती आणि बहुधा श्वासाच्या कामात मदत करत होती. माशात जबडा टांगून धरणाऱ्या हाडाचीच ती लेक. सकाळी देवळातली घंटा माझ्यापर्यंत पोचते ती त्याच हाडाच्या वाटेने. तुझं नाव ऐकायला जे लागतं ते तू ऐकण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच कामावर लावून ठेवलं होतंस.

या ठिकाणी कुणीतरी मला हमखास अडवतं. म्हणतं, आमच्याकडे मत्स्य, कूर्म, वराह हे आधीच सांगून ठेवलंय, यांनी नवीन काय शोधलं? देवा, तू मत्स्यरूप घेतलंस यावर माझी श्रद्धा आहे, आणि ती श्रद्धा कुठल्या हाडावर टेकलेली नाही. तुझ्या अवताराची साक्ष द्यायला मी ग्रीनलंडच्या दगडाला उभं करणार नाही. त्याच्यापाशी स्वतःचं सांगण्यासारखं इतकं आहे, आणि ते ऐकायला माणसांनी इतकं सोसलंय, की ते ‘आम्हाला माहीतच होतं’ म्हणून मिटवून टाकणं मला तुझा अनादर वाटतो. माझ्या वर्गातल्या मुलांना दोन्ही दे. संध्याकाळी आजीच्या तोंडून अवतारकथा, आणि दुपारी वर्गात आठ बोटं. एकाने दुसऱ्याचं तोंड बंद करू नये एवढं बघ.

ग्रीनलंडच्या त्या थरातल्या अकँथोस्टेगांबद्दल 2016 साली आणखी एक कळलं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला मोठ्या क्ष-किरण यंत्राखाली त्यांच्या दंडाची हाडं पाहिली, न कापता, न घासता. झाडाच्या खोडात वर्षागणिक रेघा पडतात तशा हाडातही पडतात. त्या मोजल्यावर दिसलं की निदान सहा वर्षांची होऊनही त्यातलं एकही वयात आलेलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्यांना आद्य पूर्वज म्हणून नमस्कार करत होतो ती सगळी पिल्लं होती. एकत्र राहणारी आणि एकत्रच मेलेली. मला हे वाचून रडू आलं होतं. साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या पिल्लांसाठी प्रार्थना करतात का, मला माहीत नाही. मी करते.

बाईंनी इक्थिओस्टेगालाही सोडलं नाही. 2012 साली स्टेफनी पिअर्स आणि जॉन हचिन्सन यांच्याबरोबर त्यांनी त्याचे सांधे संगणकावर जोडून पाहिले. कुठला सांधा किती वळतो ते मोजलं. चारी पाय आळीपाळीने टाकत ते चालूच शकत नव्हतं. कोकणातल्या खाडीच्या चिखलात निवट्या पुढच्या परांवर रेटा देत जशा सरकतात, तसं काहीसं ते सरकत असावं. पन्नास वर्षं पुस्तकांतून चालत आलेल्या जनावराला त्यांनी एका लेखात खाली बसवलं.

आणि ती पोकळी, देवा. अकँथोस्टेगाचा तो डेव्होनियन काळ संपल्यावर सुमारे दीड कोटी वर्षांच्या खडकांत चार पायांच्या जनावरांची हाडं जवळजवळ मिळतच नव्हती. रोमर यांच्याच नावाने तिला ओळखतात. कुणी म्हणे, हवेत प्राणवायू कमी होता. कुणी म्हणे, जनावरंच कमी होती. चाहूल लागली ती ग्लासगोच्या संग्रहालयातून. स्कॉटलंडमध्ये 1971 साली सापडलेला एक नमुना मासा म्हणून तिथे पडून होता. तो मासा नव्हता, पाच बोटांनी जमिनीवर चालू पाहणारं जनावर होतं. 2002 साली बाईंनी त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं पेडर्पीस फिनेई. यातलं फिनेई हे सारा फिनी यांच्यासाठी. दगडातून ते हाड मोकळं करणाऱ्या बाईंसाठी. ज्यांचं नाव सहसा लेखाच्या शेवटी आभारात बारीक अक्षरात येतं, त्यांचं नाव जनावराला दिलं. क्लॅकबाईंचं मन मला सगळ्यात जास्त इथे कळतं.

मग स्टॅन वूड. विद्यापीठातला माणूस नव्हे. पूर्वी जहाजावर होता, विमा विकायचा, आणि जीवाश्म शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या नदीकाठच्या खडकांतून त्याने नेमकी त्या रिकाम्या काळातली हाडं काढली. 2012 साली ती जगापुढे आली आणि त्याच वर्षी तो गेला. बाईंनी पुढे मोठी तुकडी उभी केली, आणि 2016 साली त्याच काळातली पाच नवी जनावरं नाव देऊन मांडली. तुझ्या सृष्टीत पोकळी नव्हती. आम्हीच तिथे नीट शोधलं नव्हतं.

त्या प्राध्यापक झाल्या 2006 साली, रॉयल सोसायटीत निवडल्या गेल्या 2009 साली. मानसन्मान आले तेव्हा वयाची साठी जवळ आली होती. त्याची त्यांना घाई दिसली नाही, आणि मलाही इथे त्याच्यावर रेंगाळायचं नाही.

आता मागते.

जे हात सुई धरून दगडातून हाड मोकळं करतात त्यांची नजर सांभाळ, त्यांची पाठ सांभाळ. तासन् तास वाकून बसणाऱ्यांची मान दुखते, तेवढं दुखणं कमी कर.

मला मोजायची बुद्धी दे. पाच दिसली म्हणून थांबायचा मोह मला रोज होतो. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत होतो, माणसं पारखताना होतो. पलीकडे आणखी हाड असेल, तर तिथवर माझा हात जाऊ दे.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिला दगडांचं वेड आहे. शेतातून, नाल्यातून काय काय उचलून आणते आणि ‘‘मॅडम, हे काय असेल?’’ म्हणून टेबलावर ठेवते. तिच्या घरचे मला भेटायला आले होते. वाईट माणसं नाहीत ती. वडील कष्टाने शिकवतात. त्यांनी हात जोडून विचारलं, ‘‘मॅडम, याचा उपयोग काय? यानं नोकरी लागंल का?’’ मी त्यांना क्लॅकबाईंची बर्मिंगहॅमची वर्षं सांगितली, अकँथोस्टेगाचे पाय सांगितले. ते ऐकत होते, पण काळजी चेहऱ्यावरून गेली नाही. त्यांच्या काळजीला तूच उत्तर दे. माझ्या बोलण्याने त्यांच्या घरचा खर्च निघत नाही, हे मला कळतं. तिला शिष्यवृत्ती मिळू दे, चांगले मार्गदर्शक मिळू दे, आणि तिच्या बापाला रात्री झोप लागू दे.

तिने जायला ग्रीनलंडच पाहिजे असं नाही. सिरोंच्याजवळ कोट्याच्या चुनखडीत जुरासिक काळातले मासे आहेत. आणि इथे जवळच मांगली आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांच्या हाती तिथली एक चपटी कवटी लागली होती. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी 1855 साली तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. ट्रायासिक काळातला उभयचर, अकँथोस्टेगाचा लांबचा नातलग. कवटी मिळाली, धड नाही. त्याचे पाय कसे होते, बोटं किती होती, ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

देवा, आमच्या या भागात रोज कुठे ना कुठे जमीन खणली जाते, दगड फुटतो, ट्रक भरून जातो. ते धड अजून मातीत असेल, तर गिट्टीच्या मशीनात जाण्याआधी ते त्या मुलीच्या नजरेला पडू दे. तिच्या हातात वही असू दे, जागा लिहून ठेवायची शिस्त असू दे. आणि तिने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं तर मला ओळखता येऊ दे. नाही आलं, तर ज्याला येईल त्याचा पत्ता तरी मला माहीत असू दे.